खरवडलेली काच

बा, आज अंघोळीला बसलो तर माझ्या पोटाची कातडी सैल होऊन मांडीवर आलेली दिसली आणि तू आठवलास. नेहमी आठवतोस तसा वरळीच्या वाळूत जाळं शिवणारा नव्हे. ठाकूरद्वारच्या फोटोच्या माडीवर, काचेच्या छपराखाली, कमरेचा रुमालही सोडून उलट्या टोपलीवर बसलेला तू. त्या दुपारला तीसएक वर्षं झाली असतील. तेव्हा तुझं जे वय होतं ते आज माझं आहे, आणि मला असं कुणी बघायला मागणार नाही.

मी तिथे काय काम करतो हे तुला कधी नीट कळलं नाही. फोटो उमटलेली काच माझ्या हाती यायची. तिच्यावर टोकदार पेन्सिलीने मी सुरकुत्या भरायचो आणि अंगावरचे वण पात्याने खरवडायचो. एकेका शेटाणीचं वय मी दहा-दहा वर्षांनी उतरवलेलं आहे. फोटो काढणारे आमचे मास्तर याखेरीज चित्रशाळेतल्या मुलांना बघून चित्रं काढायला उघड्या अंगांचे फोटो करत. त्यासाठी तालमीतले पैलवान हवे तेवढे मिळत. त्या दिवशी आईने दिलेली भाकरी घेऊन तू जिना चढून आलास, आणि मास्तर हातातलं काम टाकून तुझ्याकडे बघतच राहिले. "तांडेल, तुमचा एक फोटो काढू का? अंगावर काही नको. म्हातारं अंग आमच्या पोरांनी कधी काढलेलंच नाही." मला वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. तू मात्र हसलास. "दर्यानं मना रोज असाच बघलाय. या पेटीची कसली लाज?"

मास्तर घाई करत नाहीत. तू बसला आहेस, गुडघ्यांवर हात टाकून, आणि ते फोटोच्या पेटीमागून पुन्हा पुन्हा बाहेर येऊन विचारताहेत, खांद्यावर हा वण कसला, बोट वाकडं कशाने झालं. तू सांगतो आहेस. तुफानात दोर खांद्यावरून सरकला आणि मांस घेऊन गेला, पण तू सोडला नाहीस, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला तुझा भाऊ होता. बा, मला हे माहीत नव्हतं. घरात वर्षभरात बोलला नसशील तेवढं तू त्या दुपारी बोललास. कारण साधं होतं, आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. तू गेल्यावर मास्तर मला म्हणाले, "ह्या काचेला पेन्सिल लावायची नाही. गुळगुळीत माणसं रोजच येतात."

तेव्हा प्रभादेवीच्या एका घरी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मुलीचा बाप कोट घालून कचेरीत जाणारा. चित्रशाळेतल्या पोरांनी काढलेलं तुझं चित्र कुठे टांगलं गेलं आणि त्याने तुला ओळखलं तर, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी मास्तर बाहेर जाताच मी काच घेतली. लाल रंगाचा हात मारला की कागदावर तिथे पांढरं उमटतं. तसं तुला धोतर नेसवलं. छातीच्या, पोटाच्या सुरकुत्या भरल्या. वण पात्याने खरवडून काढला आणि त्या जागी पेन्सिल फिरवली. रंग धुता येतो, पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं परत येत नाही. हे मीच नव्या लोकांना शिकवत असे.

त्या काचेवरून छापलेला कागद मी तुला आणून दाखवला. तू हात पुसलेस, कागद लांब धरलास. "बरा मानूस हाय. कोनाचा बा?"

"तूच हाय तो, बा."

तू पुन्हा पाहिलंस आणि दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा कागद माझ्या हातात दिलास. चार शिव्या घातल्या असत्यास तर मी मोकळा झालो असतो. पुढे मी घरी आलो की तू विचारायचास, "मास्तरांनी बोलावलंय का रं?" मी नाही म्हणायचो, आणि तू पुन्हा जाळं ओढून घ्यायचास. ते लग्नही मोडलं, आणि कारण भलतंच निघालं. मग प्लेगची पहिली साथ कोळीवाड्यात शिरली आणि तू चार दिवसांत गेलास. तुझी घोंगडी, कपडे, सगळं जाळलं.

काच माझ्याकडे आहे. धोतर धुतलं, पेन्सिल पुसली, तू बराचसा परत आलास. खांद्यावर खरवडलेल्या जागी मात्र कागदावर काळा डाग उमटतो. तेवढा मी कितीदा तरी हाताने भरून पाहिला. माझा हात चांगला आहे, बा, पण तो वण होत नाही.

आणखी एक राहिलं. मास्तरांनी ती काच पाहिली तेव्हा मला विचारलं, हे कुणी करायला लावलं. मी म्हणालो, बाने. त्याला मागाहून लाज वाटली, असं सांगितलं. मास्तर खुर्चीत बसले. "माझं चुकलं. त्यांना पुन्हा इथे येण्याची तसदी देऊ नकोस." म्हणून तुला बोलावणं आलं नाही. तू वाट बघतोस हे मला रोज दिसत होतं आणि मी ठाकूरद्वारला जाऊन ते मास्तरांना सांगत नव्हतो.

तुला अक्षर येत नव्हतं. तू असतास तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि एवढा भाग मी गाळला असता.