वरिष्ठ सभासदाला दुसरी नजर नको

२ मार्च. सकाळी ७.
आजपासून रोज डायरी. मोठ्या माणसांच्या डायऱ्या पुढे उपयोगी पडतात.
जुनी पुस्तकं टाइप करून सगळ्यांना फुकट वाचायला देणारा आमचा ऑनलाइन ग्रुप. तो सुरू करणारे शिंपीकाका (धंदाच तो) डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेत. दहा दिवस स्क्रीन बंद. तोवर साइटच्या किल्ल्या माझ्याकडे! सोळा जणांतून मीच. बाकी कुणाला वेळ नव्हता, असं त्यांनी लिहिलंय. संकोची माणूस.

३ मार्च.
संकल्प: अधिकार गाजवायचा नाही. 'इथे सगळे समान' असं पहिल्या पानावर लाल अक्षरांत लावलं. कुणी बदलू नये म्हणून त्याला कुलूप घातलं.

५ मार्च.
आमच्याकडे एकाने पान टाइप करायचं आणि दुसऱ्याने मूळ पानाच्या फोटोशी ताडून 'ठीक' दाबायचं. याला दुसरी नजर म्हणतात. ती शिंपीकाकांनाही चुकत नाही.
मधमाशीपालनाच्या पुस्तकातल्या माझ्या एका पानात 'सुई'ने अकरा चुका काढल्या. ही सुई म्हणजे कुणी नर्स आहे, जेवणाच्या सुट्टीत टाइप करते. अकरा! ऑफिसात बावीस वर्षं माझ्या ड्राफ्टला साहेबांनी हात लावलेला नाही. (साहेब वाचत नाहीत, हा भाग वेगळा.) नीट मोजल्या तर दहाच भरतात.

६ मार्च.
नवं पद काढलं: वरिष्ठ सभासद. शंभर पानं झालेल्याला दुसरी नजर नको. मतदान घेतलं. बाजूने एक, विरोधात बारा. पण बाजूचं मत ठाम होतं. नियम लागू.
दुपारी कुणीतरी लक्षात आणून दिलं की सुईची चारशे पानं झालीत. वयाची अट घातली. पन्नाशीच्या पुढे.

७ मार्च.
हिचं म्हणणं, घरात कपडे वाळत घालायलाही एखादा वरिष्ठ मिळाला तर बघा. दुर्लक्ष केलं. कपडे वाळत घातले.

८ मार्च. दुपारी ३.
सुईचे तीन मेसेज. पान ८७ एकदा बघा. सूर नम्र, पण आतून हुकूमच. समज दिली. तरी चौथा आला. नाइलाजाने तिला आठवडाभर ब्लॉक केलं. फार जड गेलं. चहा घेतल्यावर बरं वाटलं.

१० मार्च.
माझी पानं मीच 'ठीक' केली. पुस्तक साइटवर चढवलं.

१२ मार्च. संध्याकाळी ६.
वाचकांच्या एक्केचाळीस कॉमेंट्स! हिलाही बोलावलं. मोठ्याने वाचायला घेतल्या. लवकरच हळू आवाजात वाचू लागलो.
पान ८७. राणीमाशी पोळ्यातून उठते, आणि लगेच पुढे: 'अहो, नळ बंद करा, बादली भरून वाहतेय, ऐकू येतंय का.'
ही हाका मारत असणार आणि माझी बोटं चालू. एका वाचकाने विचारलंय, बादली पोळ्यापासून किती अंतरावर ठेवायची. ही म्हणाली, अख्ख्या पुस्तकातलं तेवढंच तिला समजलं.
सुई हेच सांगत होती. आणि मी तिचं तोंड बंद केलं. लाज वाटली. खरंच वाटली. ब्लॉक काढला. पाच वेळा खोडून शेवटी दोनच शब्द पाठवले. माफ करा.

१३ मार्च.
शिंपीकाका आले. रागावले नाहीत. किल्ल्याही परत मागितल्या नाहीत, मीच दिल्या. त्यांनी फक्त माझी सगळी पानं 'दुसरी नजर बाकी' मध्ये टाकली. पहिली वीस सुईनेच घेतली. आणि तिचं एक पान माझ्याकडे आलं.

१४ मार्च. रविवार, सकाळी ११.
सुईचं पान तीनदा वाचलं. मनात आकस नाही, पण काम म्हणजे काम. एकही चूक नाही. चौथ्यांदा वाचताना सापडली! दहाव्या ओळीत पूर्णविराम राहिलाय. अतिशय सौम्य शब्दांत कळवलं. चुका सगळ्यांच्याच होतात, असंही लिहिलं.
तिचं उत्तर लगेच आलं. तो पूर्णविराम नाही, कागदावरचा डाग आहे.
फोटो मोठा करून पाहिला.
डाग आहे.
'ठीक' दाबलं.