चार नंबरसमोरची कोरी जागा

मंगळवार, वीस मे

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा तुझ्या गुडघ्याशी स्पर्धा करतोय, बाकी तक्रार नाही. तुझे सामने ती अजूनही टीव्हीचा आवाज बंद करून बघते. म्हणते, त्या बोलणाऱ्या माणसाला माझा मुलगा किती माहीत आहे. सामन्याच्या आठवड्यात तुमचे फोन काढून घेतात हे मला ठाऊक आहे, पण पत्र लिहिण्याचं कारण ते नाही. कारण पुढे येईल, आधी बातम्या ऐक.

आमच्या छपाईच्या दुकानाबाहेरचं बाकडं यंदा लवकर भरायला लागलंय. बसवाला असतो, गणिताचे निवृत्त सर असतात आणि समोरचा न्हावी असतो, ज्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर वाट बघत बसलेलं असतं. विषय एकच, पुढच्या हंगामात तुमच्या क्लबच्या डिफेन्समध्ये कोण येणार. न्हावी म्हणतो एक साडेसहा फुटी माणूस नक्की झालाय. त्याचं नाव त्यांनी 'शिडी' ठेवलंय. सरांना शिडी नको. त्यांनी वहीत लिहून काढलंय की या हंगामात कॉर्नरवर अकरा गोल खाल्ले, त्यातले सात जवळच्या खांबापाशी, आणि तिथे उंच माणूस नको, आधी पोचणारा हवा. बसवाल्याच्या मते दोघे येतायत, कारण त्याच्या एका प्रवाशाच्या मेहुण्याने त्यांना विमानतळावर पाहिलं. "दोघांचे बूट एकसारखे होते, ताई." एकसारखे बूट म्हणजे डिफेन्सची जोडी, एवढं त्याला पुरतं.

हे सगळं बोलताना तिघांची नजर माझ्यावर असते. तुमच्या जर्सी आमच्याकडे छापतात, त्यामुळे नव्या हंगामाची नावं आणि नंबर कुठल्याही पेपरच्या आधी माझ्या टेबलावर येतात. चौदा वर्षांत ती यादी एकदाही फुटलेली नाही. नवं गिऱ्हाईक आलं की मालक त्याला आधी अक्षरं चिकटवायची गरम प्रेस दाखवत नाहीत, मला दाखवतात. म्हणतात, यादी या बाईंच्या पोटात राहते.

तुझ्याबद्दलही बोलतात. शनिवारी तुम्ही तीन गोल खाल्लेत आणि रविवारी सकाळी न्हाव्याने सुरू केलं, "चार नंबर वळेपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवून येतो." मग दारात मी दिसले तशी जीभ चावली आणि म्हणाला, "तुमच्या भावाबद्दल नाही हं ताई, चार नंबरबद्दल बोलतोय."

मी हातातल्या कात्रीसकट बाहेर गेले. म्हटलं, गोल मोजलेत ना, मग ते कुठून आले तेही मोजा. तुमचा लाडका डावा बॅक पुढे पळतो तो परत यायचं विसरतो. त्याची मोकळी जागा नऊ वर्षं कोण भरतंय? एक माणूस दोन जागा राखत असेल तर त्याला एखाद्या ठिकाणी उशीर होणारच. तुम्ही एका वेळी दोन दाढ्या करून दाखवा, मग मी मान्य करते त्याचे पाय जड झाले म्हणून. सरांनी वही उघडली, बघितलं आणि म्हणाले, तिन्ही गोल डावीकडून आहेत खरे. न्हाव्याला पुढे काही सुचायच्या आत त्याचं गिऱ्हाईक फेसासकट रस्ता ओलांडून आलं आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेलं.

बसवाला मात्र हसला नाही. तो म्हणाला, "ताई, आज भांडलात. गेले दहा-बारा दिवस गप्प होतात. मी सरांना म्हटलंसुद्धा, ताई भांडत नाहीत म्हणजे यादी आली."

बघ, चौदा वर्षं तोंड सांभाळलं आणि पकडले गेले ती गप्प बसण्यामुळे. तेव्हापासून मुद्दाम भांडतेय. कालही घसा बसेपर्यंत भांडले. सर म्हणतात, ताई फॉर्मात आल्या.

तू इथवर वाचलंस म्हणजे पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. तरी मला ते लिहायचंय, कारण फोनवर मी पुन्हा खोटं बोलले असते.

यादी सात तारखेला आली. चार नंबरसमोर आपलं आडनाव नाही. तिथे दुसऱ्याचं आहे. शिडीचं की विमानतळावरच्या बुटांचं, ते सांगणार नाही, तेवढा नियम अजून पाळते. तू इतर कुठल्या नंबरसमोरही नाहीस. मी वरून खाली तीनदा वाचली, मग खालून वर वाचली.

आठ तारखेला, सामना नसलेल्या आठवड्यात, तुझा फोन आला. तू विचारलंस, "ताई, यादी आली का? नाव कुणाचं आहे ते सांगू नकोस, माझं आहे का एवढंच सांग. तो लहान क्लब मला बोलावतोय, त्यांना उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. इथे असेन तर त्यांना नाही म्हणतो." तेव्हा यादी माझ्या कोपराखाली होती. मी म्हटलं, अजून नाही आली. इथवर निदान नियमाचा आडोसा होता. पण मी थांबले नाही. म्हटलं, आणि तुझं नाव कुठे जातंय, असणारच. दुसऱ्या दिवशी तू त्यांना नाही कळवलंस.

मालकांच्या भीतीने बोलले असं लिहिता आलं असतं, पण ते आणखी एक खोटं झालं असतं. तू बारा वर्षांचा होतास तेव्हा शाळेच्या फलकावर संघाची यादी लागली होती. तुझी हिंमत होईना म्हणून ती मी वाचून आले. तू जिन्यात बसला होतास. मी नुसती नाही म्हणून मान हलवली. तू बूट काढलेस, माझ्या हातात दिलेस, मोज्यांवर घरी चालत आलास आणि वर्षभर चेंडूला पाय लावला नाहीस. ते बूट मला परत हातात घ्यायचे नव्हते. तुला ते सांगणारी मी व्हायला नको, एवढाच विचार केला, आणि तुझी पुढची जागा घालवून बसले.

चूक माझी आहे. माफी मागते, पण रडून मागणार नाही. तुला रागवायचं असेल तर रागव, फक्त या शुक्रवारनंतर रागव. कारण खरी बातमी अजून सांगायची राहिली आहे.

काल लहान क्लबची यादी आली. त्यांच्याही जर्सी यंदापासून आमच्याकडेच आहेत. एक ते तेवीस नंबर, बाकी सगळ्यांसमोर नावं, आणि चार नंबरसमोर कोरं. खाली त्यांच्या प्रशिक्षकाने पेनाने लिहिलंय, "चार नंबर थांबवा. शुक्रवारी सांगतो." माणूस मिळाला नसेल तर लोक तो नंबरच गाळतात, असं कोरं ठेवून कुणी पाठवत नाही. मी चौदा वर्षांत पाहिलेलं नाही. हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय. तुझीच बघतोय अशी खात्री देत नाही, माझ्या खात्र्या देऊन झाल्या. पण तू त्याला आधी नाही म्हटलं होतंस म्हणून आता विचारायचं नाही, हा मानीपणा मला सांगू नकोस. तुझा निरोप चुकीच्या बातमीवर गेला होता आणि ती बातमी माझी होती, हे त्याला खुशाल सांग.

म्हणजे आज मी एक सोडून दोन याद्या फोडल्या. मालकांना सांगून फोडल्या. ते म्हणाले, मग आता तुमच्या पोटात राहणार तरी काय? म्हटलं, बाकी सगळ्यांची नावं राहतील, भावाचं नाही राहणार. ठेवायचं तर ठेवा मला, नाहीतर प्रेसची किल्ली ही घ्या. आणि भावाच्या क्लबच्या बाकीच्या जर्सी मी करीन, नवा चार नंबर मात्र लावणार नाही, तो तुम्ही लावा. मालकांनी किल्ली घेतली नाही. मागच्या वेळी त्यांनी स्वतः प्रेस चालवली तेव्हा नऊ उलटा लावून गोलकीपरच्या पाठीवर सहा केला होता.

हे पत्र बसवाल्याबरोबर पाठवतेय, त्याची बस तुमच्या सरावाच्या मैदानावरून जाते. ज्या बातमीसाठी तो महिनाभर जीव टाकतोय ती आज त्याच्या शर्टाच्या खिशात आहे, आणि त्याला वाटतंय मी आईच्या गुडघ्याचा रिपोर्ट पाठवलाय. पाकीट गरम प्रेसखाली चिकटवलंय, त्याला उघडता यायचं नाही.

फोन तुमच्या प्रशिक्षकाकडे असेल तर मागून घे. तेहतीस वर्षांच्या माणसाने स्वतःचा फोन मागायला लाजू नये. शुक्रवारच्या आत लहान क्लबच्या प्रशिक्षकाला फोन कर. क्लब तुला समोर बसवून निरोप देईल तोवर थांबू नकोस, आणि शनिवारी शेवटच्या सामन्यात खेळवलं तर त्या डाव्या बॅकवर ओरडून खेळ. आम्ही चौघे स्टँडमध्ये असू. न्हाव्याला मी माझ्या शेजारी बसवणार आहे, कात्री घरी ठेवून.

आपल्या आडनावाची अक्षरं मी कापून ठेवली आहेत, लहान क्लबच्या रंगात. खणात आहेत. तू विचारूनही शुक्रवारी तिथून दुसरं कुणाचं नाव आलं, तर ते मी निमूटपणे लावीन, ते माझं काम आहे. पण तू विचारलंच नाहीस आणि पुन्हा मोज्यांवर घरी आलास, तर यावेळी मी बूट हातात घेणार नाही. जिथे काढशील तिथेच राहतील.

आठ तारखेला तू मला एक गोष्ट विचारली होतीस. तिचं उत्तर बारा दिवस उशिरा देतेय.

हो, यादी आली आहे.

तुझीच,
ताई