भिंतीतला दिवा

नाशिक, मखमलाबाद रस्ता
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५
संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. स्टुलावर उभा राहून ओल्या फडक्याने दिव्यावरची धूळ पुसत होतो. बटण बंद असल्याचे आधी दोनदा पाहिले. ते झाले आणि तुला लिहायला बसलो.

प्रिय छायाताई,

तुला, दाजींना आणि घरच्या मोठ्यांना नमस्कार. आरोहीला सांग, मामाने तिच्यासाठी झेंडूचे बी वाळवून ठेवले आहे.

नाना बरे आहेत. सकाळी खोकतात, दुपारी झोपतात, संध्याकाळी फोनकडे बघत बसतात. थंडी पडू लागली आहे. नदीकडून धुके येते आणि मळ्यांवर असे बसते, की शेवंतीचे वाफे पाण्याखाली गेल्यासारखे दिसतात. कामावरून येताना मी सायकलवर बसत नाही, हातात धरून चालतो. जोरात गेलो तर काहीतरी फाटेल असे वाटते.

माझे काम मी तुला नीट कधी सांगितले नाही. ज्यांचे लाइटबिल थकले आहे, ज्यांची लाइट तोडली आहे, अशी गरिबांची घरे शोधायची. आमची संस्था थकबाकी भरते आणि लाइट परत येते. पण अशी घरे स्वतःहून पुढे येत नाहीत. बिल थकले असे कोणी सांगत नाही. विचारले तर "मीटर बिघडलाय" म्हणतात. म्हणून मी माझी एक रीत काढली. दिवेलागणीला वस्तीतून फिरायचे आणि ज्या खिडकीत उजेड नाही, तिथे दुसऱ्या दिवशी जायचे. संस्थेच्या रूपाली मॅडम म्हणाल्या, "सावळीराम, डोकं चांगलं चालवलंस." अकरावीत शाळा सोडलेल्या माणसाला असे कोणी म्हटले की तो दोन दिवस आरशात बघतो.

आपल्या घरापासून जवळच, मळ्याच्या कडेला पाच खोल्यांची एक ओळ आहे. शेवटच्या दोन खोल्यांत दोन बायका राहतात, दोघी एकट्या. साळूबाई हार गुंफते, रंगूबाई भाजी विकते. दोघींच्या खिडक्यांत रोज सारखाच पिवळा उजेड असायचा. उजेड आहे म्हणजे सगळे ठीक, असे समजून मी पुढे जायचो. दिवाळीच्या थोडे आधी एका संध्याकाळी मी तिथून जात होतो. खट्‌ असा आवाज झाला आणि दोन्ही खिडक्या एकदम काळ्या झाल्या, जणू एकाच माणसाने दोन डोळे मिटले. मी रस्त्यातच उभा राहिलो. घरे दोन आणि बटण एक, हे कसे?

दुसऱ्या दिवशी साळूबाईच्या दारात गेलो. दोन खोल्यांमधल्या भिंतीतली एक वीट काढलेली होती आणि त्या भोकात रंगूबाईचा दिवा लोंबत होता. निम्मा उजेड तिकडे, निम्मा इकडे.

"कोण आलंय गं?" भोकातून आवाज आला.

"लाइटवाला पोरगा हाय," साळूबाई म्हणाली.

"लाइट तर हाय की. अजून काय पायजे त्याला?"

साळूबाईची लाइट दीड वर्षापूर्वी तोडलेली. तेव्हापासून त्या भोकातून उजेड येतो, आणि त्यासोबत चटणी, काडेपेटी आणि शिव्यासुद्धा. पहाटे चारला रंगूबाई बटण दाबायची. तोंडावर उजेड आला की साळूबाई उठायची, हार पुरे करायची आणि सहाच्या टेम्पोने फुलबाजारात जायची. तेवढ्यावर तिचे पोट आहे.

मी अर्ज भरायला घेतला. साळूबाई नको म्हणत होती. शेवटी रंगूबाईच भोकातून म्हणाली, "घे की बाई. मला तरी सुटका." मग साळूबाईने अंगठा दिला. संस्थेने तिची थकबाकी भरली, वायरमन आला, लाइट जोडली. दीड वर्षाने तिच्या घरात तिचा स्वतःचा दिवा लागला. मी घरी येताना गुणगुणत आलो. तुला माहीत आहे, मी कधी गुणगुणत नाही.

आठ दिवसांनी तिकडून गेलो तर रंगूबाईच्या खिडकीत उजेड होता आणि साळूबाईच्या खिडकीत अंधार. मी साळूबाईचे दार ढकलले. आत गेलो. भिंतीतल्या भोकात वीट बसवलेली होती, फटींत वर्तमानपत्राचा कागद ठासलेला. साळूबाई अंधारातच हार गुंफत होती.

"साळूबाई, लाइट गेली का?"

"हाय ना."

"मग लावली का नाही?"

"कशाला? बोटांना दिसतंय." सुई चालूच होती. मग म्हणाली, "दोनदा टेम्पो चुकला. सगळी फुलं माना टाकून बसली. दिवा हाय रे बाबा, पण उठवाया कोण हाय?"

मी शेजारी गेलो. रंगूबाई मेथीच्या जुड्या बांधत होती.

"आता तिचं तिला हाय," ती म्हणाली. "भिंतीला भोक कशापायी ठेवू? उंदरं येत्यात."

"सुटका झाली असं तुम्हीच म्हणाला होता."

"म्हणले असंन. तिनं लगेच ऐकायचं व्हय?"

घरी येऊन मी नानांना सगळे सांगितले. त्यांनी दिव्याकडे बघितले. मग म्हणाले, "छायीचा फोन नाय का रे आला?" मी म्हणालो, कांद्याची रोपे टाकायची घाई असेल. भाऊबीजेला तू आली नाहीस, तेव्हाही हेच सांगितले होते.

ताई, फोनवर मला हे बोलता आले नसते. तुझा फोन सगळे घर ऐकते, आणि मी अडखळतो. म्हणून लिहितो.

आई गेल्यापासून चार वर्षे आपले लाइटबिल तू देवळ्याहून भरत होतीस, शिवणाच्या पैशांतून. भरले की फोन करायचीस. "भरलं रे सावळ्या. नाना जेवले का?" मागून तुझ्या सासूबाई विचारायच्या, "कोणाशी चाललंय एवढं?" तू म्हणायचीस, "माहेरच्या लाइटबिलाचं काम आहे." मग ते बिलाचे काम अर्धा तास चालायचे. नानांचा खोकला, शेजारची व्यायलेली म्हैस, आईची हिरवी साडी कोणत्या पेटीत आहे. नाना फोन कानाला लावून नुसते "हं, हं" करायचे आणि फोन ठेवल्यावर पोटभर जेवायचे. मला मात्र ते "काम" ऐकले की लाज वाटायची. बहिणीच्या पैशांवर आपल्या घरात दिवा, एवढेच तेव्हा मला दिसायचे.

जूनमध्ये माझा पहिला पगार झाला. त्याच दिवशी बिल भरले आणि तुला मेसेज लिहिला, "ताई, आता तू बिल भरू नकोस. आता मी कमावतो." तीन वेळा वाचून मगच पाठवला. लहानपणी फरशीवर बसवून तू मला शुद्धलेखन घालायचीस, त्याला शोभेल असा होता, एकही चूक नव्हती. तू लिहिलेस, "बरं." त्यानंतर तुझा फोन नाही. सणाला दोन शब्दांचा मेसेज, तो हिशेबात धरत नाही.

मला वाटले, तू खूश होशील. मला वाटले, मोठे झालो. वीट मीच बसवली, ताई. नीट, घट्ट, फटींत कागद ठासून.

परवा मी साळूबाईकडे बसलो होतो. बोलण्यासारखे काही नव्हते, नुसता फुले निवडून देत होतो. ती एकदम उठली. विळ्याच्या टोकाने कागद उकरले, वीट काढली आणि आपला दिवा वायरसकट त्या भोकात सरकवला.

"रंगे, हा महिना माझ्या दिव्यात बस. पुढचा तुझा."

मी फूल हातात धरून बसलो. मग रंगूबाई म्हणाली, "लय मिणमिण करतोय गं तुझा."

"तुझा कुठं लय सूर्य होता."

थोड्या वेळाने भोकातून ठेच्याची वाटी आली. असा उजेड शेजारी देणे नियमात बसते का, हे मी मॅडमना विचारलेले नाही. विचारणारही नाही. माझ्यासारख्याला हे किती जड जाते, तुला ठाऊक आहे.

आज पहाटे चारला मी मुद्दाम तिकडे गेलो. धुक्यात रस्ता नव्हता, मळा नव्हता, सायकलचे पुढचे चाकही नव्हते. मग एकदम दोन पिवळे चौकोन उमटले. त्यांच्याखाली जमीन नव्हती, भोवती भिंती नव्हत्या, नुसतेच तरंगत होते. आतून रंगूबाईला हाक मारल्याचा आवाज आला. आता उठवायची पाळी साळूबाईची आहे. मला वाटले, तुझे देवळा काही लांब नाही. त्या उजेडाच्या मागेच आहे, सायकल जरा पुढे ढकलली की झाले.

आपले बिल आज दुपारी आले. मी ते भरणार नाही. तारीख उलटली की दंड लागतो, पुढे काय होते, हे मला माहीत आहे. रोज तेच तर बघतो. तरी हात लावणार नाही. ग्राहक क्रमांक तुला पाठ आहे. सासूबाईंनी विचारले तर सांग, माहेरच्या लाइटबिलाचे काम आहे.

तुझा,
सावळ्या

ता. क. हिशेब:
टपालाचे पाकीट, ५ रुपये. दिले.
भिंतीतल्या भोकासाठी जरा मोठा दिवा, ११० रुपये. माझ्या पगारातून दिले. रंगूबाई आता म्हणते, डोळ्यावर येतो.
आपले लाइटबिल, ४३० रुपये, शेवटची तारीख २४ नोव्हेंबर. देणे बाकी. हे तुझे, पुढच्या महिन्याचे माझे.
भरलेस की सांग.