भिंतीतून बोलल्याबद्दल

मु. मळवली,
रविवार.

ती. सीतारामभाऊंना निवृत्तीचा सविनय जय भीम. नंदावहिनींनाही सांगावा.

तुमचा गुडघा काय म्हणतो? डेपोचे जिने चढताना त्रास होतो असं मागे म्हणाला होतात, तर रात्री तिळाचं तेल चोळत जा. वहिनींची शुगर आटोक्यात असेल. प्रज्ञेशचं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष नीट चाललं असेल. आणि तुमची बहीण हिरा बरी असेल. (बरी असेल असं मी आपलं धरून चालतो, कारण ती देहूरोडला माहेरी तुमच्याकडे येऊन पंधरवडा होत आला तरी तिनं मला काही कळवलेलं नाही, आणि माझा नंबर ब्लॉक केला आहे. तिला ब्लॉक करायला कोणी शिकवलं हे मी विचारत नाही. प्रज्ञेशला आशीर्वाद.)

आजकाल हातानं पत्र कोण लिहितं असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला फोन केला असता, पण फोनचा काही भरवसा उरलेला नाही. आमच्या स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी याच विषयाची सभा भरते. औंढ्याचे गेणूभाऊ म्हणतात, मोबाइल बंद असला तरी ऐकतो. त्यांनी म्हैस विकायची ठरवली तेव्हा मोबाइल तांदळाच्या डब्यात घालून वर झाकण लावलं, आणि मगच गिऱ्हाइकाशी बोलले. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना सरकी पेंडेची जाहिरात आली. इनायतभाई (लोणावळ्यात यांचं कॅमेरे बसवायचं दुकान आहे, माणूस सज्जन) म्हणतात की असं काही नसतं, फोनला तेवढाच उद्योग नाही. पण हे सांगताना ते स्वतःचा फोन पालथा घालतात. हा वाद काही मिटत नाही, आणि तो मिटावा अशी टपरीवाल्याचीही इच्छा दिसत नाही.

आता आमच्या साहेबांचं सांगतो, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. मी ज्यांचा बंगला सांभाळतो ते साहेब पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठे आहेत. शनिवार-रविवारी त्यांचे मित्र येतात आणि व्हरांड्यात बसून आपली खाजगी माहिती कोण कोण चोरतं यावर बोलतात. बोलतात म्हणजे भजी गार होतात. साहेबांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी आहे. मॅडमनी बोललं की गाणी लावणारा डबा आणला होता, तो साहेबांनी मला अडगळीच्या खोलीत ठेवायला लावला, कारण म्हणे घरातलं बोलणं बाहेर जातं. अशा माणसानं याच उन्हाळ्यात बंगल्याला चारी बाजूंनी कॅमेरे बसवून घेतले, आणि त्यातला एक आमच्या खोलीच्या अंगणावर, कारण पाण्याची मोटर तिथे आहे. मी चाचरत विचारलं, साहेब, अंगणात आम्ही राहतो. ते म्हणाले, ज्याला लपवायचं काही नाही त्यानं कशाला घाबरायचं? मी चिकटपट्टीचं विचारलं, तर म्हणाले ती गोष्ट वेगळी.

या कॅमेऱ्यांना बुद्धीसुद्धा आहे. माणूस दिसला की साहेबांच्या फोनवर ‘माणूस’ असं येतं, जनावर दिसलं की ‘प्राणी’. श्रावणात मी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन बागेतलं गवत काढत होतो, तर साहेबांचा पुण्याहून घाबराघुबरा फोन, की बागेत रानडुक्कर शिरलंय, ताबडतोब जाऊन बघा. मी गेलो आणि पाहिलं, तिथे कोणी नव्हतं. असं चारपाचदा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते रानडुक्कर मीच. दिवसभर वाकून काम करणारा माणूस त्या कॅमेऱ्याला कोणी दाखवलेला नसावा.

तेही मी सोसलं असतं, पण कॅमेऱ्याला तोंड आहे. साहेब पुण्यात बोलले की आमच्या भिंतीतून ऐकू येतं, आणि आवाज मोठा, कारण तो चोरांसाठी ठेवलेला. एकदा गेणूभाऊ आले होते. आम्ही टाकीवर भाकरी खात बसलो होतो आणि साहेब मला विचारल्याशिवाय बंगल्यातली वीटसुद्धा हलवत नाहीत, असं मी त्यांना सांगत होतो. तेवढ्यात भिंत म्हणाली, “निवृत्ती, टाकीवर बसू नका. आणि पाय खाली घ्या.” मी पाय खाली घेतले. गेणूभाऊंनीही घेतले. भाऊ, मला इतकं लागलं की दोन दिवस घास उतरला नाही. जेवताना, स्वतःच्या दारात, कोणीतरी वरून बघतंय आणि पाहुण्यादेखत आपल्याला टोकतंय, याला काय जगणं म्हणायचं? माणसाला काही अब्रू आहे की नाही?

आता हिराच्या बाबतीत जे झालं, ती गोष्ट वेगळी.

मी बाजारात गेलो तरी बंगल्यावर लक्ष राहावं म्हणून साहेबांनी ते कॅमेऱ्याचं ॲप माझ्याही फोनवर घालून दिलं होतं. मी ते फक्त सुरक्षेसाठी वापरायचो. लोणावळ्याला गेलो की अधूनमधून उघडून बघायचो आणि काही राहिलं असेल तर त्यातलं बोलायचं बटण दाबून हिराला सांगायचो. आभाळ आलंय, दोरीवरचे कपडे काढ. कोंबडी ओट्यावर चढलीय. कुंपणाशी किती वेळ बोलत उभी आहेस, ऊन लागेल. यात माझा काही स्वार्थ होता का, तुम्हीच सांगा.

तर वर्षावासात पावसाळाभर चालणारं धम्मग्रंथाचं वाचन यंदा आमच्या अंगणात ठरलं. रोज एका बाईनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तुम्ही शिकलात आणि हिराची शाळा चौथीत सुटली (हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही), त्यामुळे चार माणसांत वाचायची तिला धास्ती. महिनाभर दुपारची भांडी झाली की खोलीत जाऊन दार लोटून ती वाचायची सवय करत होती. मला आत येऊ द्यायची नाही. तिची पाळी आली त्या दिवशी मी इनायतभाईंच्या दुकानात बल्ब घ्यायला गेलो होतो. ॲप उघडलं तर अंगण पांढऱ्या साड्यांनी भरलेलं आणि मध्ये हिरा वाचतेय, न अडखळता. मी फोन इनायतभाईंपुढे धरला आणि म्हणालो, ही आमची. भाऊ, लग्नात मी एवढा ताठ उभा नव्हतो.

पण आवाज जरा बारीक लागत होता आणि मागच्या बाया माना पुढे काढत होत्या. म्हणून मी बटण दाबलं आणि म्हणालो, “हिरा, जरा मोठ्यानं वाच, मागं ऐकू जात न्हाई. आन् दूध गॅसवर हाय, तिकडं बघ.”

एका म्हातारीनं भिंतीला हात जोडले. मग कोणीतरी हसलं, आणि मग सगळ्याच हसल्या. हिरानं पानात खूण घातली, ग्रंथ मिटून शेजारणीच्या हातात दिला आणि आत जाऊन गॅस बंद केला. (दूध उतू गेलंच होतं. खरं ते सांगावं म्हणून लिहितो.) सगळ्यांना चहा दिला. कॅमेऱ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

मी घरी आलो तेव्हा तिची पिशवी भरलेली होती. म्हणाली, “सायेब तुमाला वरनं बोललं तवा तुमी दोन दिस जेवला न्हाईत. आन् मला बोलाया तुमी तीच भित धरली व्हय?” मी म्हणालो की दूध उतू गेलं होतं. त्यावर ती म्हणाली, “मला एक नवरा लय झाला. भितंतला मला झेपायचा न्हाई.” आणि सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे आली.

तर तिला एवढं सांगा. अंगणावरचा कॅमेरा मी शिडी लावून फिरवला आहे. आता त्याला मोटर आणि आंब्याचं झाड दिसतं. साहेबांनी फोन करून विचारलं की कोणाला विचारून फिरवला. मी म्हणालो, साहेब, ते आमचं दार आहे, परत फिरवायचा असेल तर दुसरा माणूस बघा. हे बोलताना मी पाय जुळवून उभा होतो, पण फोनवर पाय दिसत नाहीत. साहेब म्हणाले, बरं. माझ्या फोनवरचं ॲपही मी काढून टाकलं आहे. मला कोणाचं काही बघायचं नाही. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, आणि शेवटचा अध्याय बायांनी हिरासाठी राखून ठेवला आहे. तिच्याशिवाय कोणी वाचायला तयार नाही. ती आली नाही तर मी त्यांना काय तोंड दाखवू? घर खायला उठतं, भाऊ. मला तिची फार आठवण येते.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल विसरू नका.

तुमचा,
निवृत्ती

ता. क. ॲप काढून टाकलं असं वर लिहिलंय, ते जवळजवळ खरं आहे. हिराचं त्या दिवशीचं वाचन त्यात साठलेलं आहे, म्हणून तेवढं ठेवलंय. संध्याकाळी ऐकतो. माझा आवाज यायच्या आत बंद करतो. हे तिला सांगू नका. किंवा सांगा.

आणखी एक. मुद्दाम पत्र लिहायचं कारण असं की, तुमच्या दाराला प्रज्ञेशनं कॅमेऱ्याची बेल बसवल्याचं वहिनींच्या स्टेटसवर पाहिलं. फार चांगलं केलंत, सुरक्षेच्या दृष्टीनं हवंच. तर प्रज्ञेशला सांगून त्याचा पासवर्ड मला गुपचूप कळवाल का? हिरा सकाळी भाजीला बाहेर पडते तेवढ्यापुरताच. बटण दाबणार नाही, नुसतं बघेन.