अजेयची उत्तरं

मुरुड, ११ नोव्हेंबर २०२५

चि. अनुयास,
अनेक आशीर्वाद.

फोन केला असता तर ‘बघते गं आत्या’ म्हणून तू ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र. वाडीतली सुपारी उतरवून झाली, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. तुझे बाबा सालाबादप्रमाणे गड्यांवर ओरडताहेत, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

मला घोर लागलाय तो तुझ्या धाकट्या भावाचा. तुळशीपुढे दिवा लावला की मी ग्रुपवर ‘दिवा लागला’ लिहिते आणि तुम्ही दोघं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवता. पोरं सुखरूप आहेत, एवढं मला त्यावरून कळतं. तू विसरतेस, लबाड! अजेय कधीच नाही. परवा त्याला एकट्याला कळवलं की मोती मेला, आंब्याखाली पुरला. मी फोन खाली ठेवायच्या आत उत्तर हजर, की ऐकून खूप वाईट वाटलं, स्वतःची काळजी घे. शब्द अगदी शहाण्यासारखे. पण तो कुत्रा त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेला. कशाने मेला, एवढंही विचारू नये? मला भीती वाटली, खरंच. एकदा पनवेलला त्याच्या खोलीवर जाऊन ये.

माया आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
कुमुदआत्या


पनवेल, १७ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि तशीच निघाले. दार अजेयनेच उघडलं. दाढी वाढलेली, खोलीत उष्ट्या डब्यांचा वास. बाबांना पेपर छान गेल्याचं कळवलं होतं ना, हा परीक्षेला बसलेलाच नाही. कसा आहेस विचारलं, तर त्याने आधी फोन उचलला, त्याच्या नावाने आपल्या सगळ्यांना काय कळवलं गेलंय ते वाचलं आणि मग म्हणाला की मस्त आहे.

उत्तरं तो देतच नव्हता गं. आधी फोन सुचवेल त्यावर नुसतं बोट ठेवायचा. पुढे त्याचाही कंटाळा आला आणि सगळं फोनवरच सोपवलं. आपल्याशी, मित्रांशी, कॉलेजशी, फोनच बोलतो, हुबेहूब त्याच्यासारखा. मोतीचं त्याला माझ्याकडून कळलं. तेव्हा म्हणाला, ‘मला वाईट वाटलं असेलच, बघतो.’ आणि पुन्हा हात फोनकडे.

आणि आपण रोज जोडलेले हात बघून निर्धास्त! मी रजा टाकून इथेच राहिले आहे, उद्या त्याला डॉक्टरांकडे नेते. बाबांना तूच सांग, बेताबेताने. फोन काढून घेतलाय आणि तुला पत्र लिहायला त्याला बसवणार आहे.

आशीर्वाद असू देत, आत्ता फार लागणार आहेत.
तुझी,
अनुया


पनवेल, १९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

ताई म्हणाली, मनात येईल ते लिही. सकाळपासून बसलोय. मोतीबद्दल लिहायचं होतं. जे वाक्य सुचतं, ते फोनने कुणाला तरी आधीच पाठवलंय असं वाटतं. रडूही येत नाही.

लहानपणी तू म्हणायचीस की मी बडबड करून डोकं उठवतो. काय बोलायचो गं मी? आठवेल तेवढं लिहून पाठव.

फोनमधला माझ्यापेक्षा गोड बोलतो, मला माहीत आहे. तरी लोभ माझ्यावर असू दे.

अजेय