या वयात भुलीचा कोर्स

भावकू अण्णा,

काल बेळगुंदीच्या यात्रेत मटण वाढता वाढता तू भर पंगतीत ओरडलास, "आमची पूर्णिमा सेहेचाळिसाव्या वर्षी भुलीचा कोर्स करायला निघालीया! पेशंटच्या आधी हीच झोपायची!" सगळे हसले. वर एकेक पाव्हणा मला गुडघा दाखवायला लागला. मी काय तिथं दवाखाना मांडलाय व्हय?

आज अर्जाचा शेवटचा दिवस. जागा मोजक्या, आणि रांगेत सगळ्या पंचविशीतल्या पोरी. ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून निम्मं आयुष्य गेलं, तरी 'या वयात का?' यावर पानभर लिहा म्हणतात. सख्खा भाऊ असून तू बी तेच विचारतोस!

अण्णा, तुझ्या हर्नियाच्या ऑपरेशनवेळी, भूल द्यायच्या आधी देत्यात त्या औषधाच्या गुंगीत तू टेबलावर उठून बसलास. "पूर्णिमाला बोलवा, ती असल्याबिगर मी डोळं मिटणार न्हाय," म्हणून लहान पोरागत रडलास. मी हात धरला, तवा झोपलास. तुला त्यातलं काही आठवत न्हाय. मी बी कधी बोलले न्हाय.

अर्जात तेच लिहिलंय, तुझं नाव गाळून. हे पत्र मात्र पोस्टात टाकणार न्हाय. वाचलंस तर पुढच्या यात्रेत तुझा आवाज निघायचा न्हाय, आणि तुझ्या ओरडण्याबिगर पंगत कसली रं?

वैतागलेली,
पूर्णिमा