किटलीत न गेलेलं दूध

आई, "म्हशीची धार माझी आई काढते, मग दुधाचं बिल बाबांच्या नावावर का येतं?" असं सातवीतल्या एका मुलीनं मला भर वर्गात विचारलं. तुझ्या हातांना कायम दुधाचा वास यायचा आणि डेअरीत नाव आबांचं होतं. याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं, हे फळ्यासमोर उभं असताना लक्षात आलं.

उचगावच्या पुढं एका गावात माझी शाळा आहे. सहावी-सातवीच्या मुलांना मी पैशाचं नियोजन शिकवते, आणि पुढं काय व्हायचं, त्यासाठी काय शिकावं लागेल, तेही. तू असतीस तर म्हणाली असतीस, पैसाच न्हाय तर नियोजन कशाचं? पण माझा या विषयावर जीव आहे. घरात कोण राबतं आणि पैसा कुणाच्या हातात पडतो, हे मुलांनी मोकळेपणानं बोलावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी त्यांना सांगितलं, आपल्या घरात पैसे कुठून कुठून येतात ते आज जेवताना विचारा.

त्या मुलीनं विचारलं. तिला गुरांची डॉक्टर व्हायचंय. आठवीला शहरातल्या शाळेत घालायला वडील कबूल झाले होते. त्यांनी कारखान्यातला पगार सांगितला, दुधाचं बिल सांगितलं, आणि ते थांबल्यावर ही म्हणाली, आणि आईच्या रतिबाचे? वडिलांना रतीब ठाऊकच नव्हता. डेअरीला किटली जाण्याआधी तिची आई एक छोटी चरवी भरून बाजूला काढायची आणि मागच्या गल्लीत एका घरी दूध घालायची. ते पैसे तिचे तिच्यापाशी राहायचे. आईनं तिथल्या तिथं कानावर हात ठेवले. कसला रतीब, पोरगी कायबी बोलतीया.

दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. आवाज चढवला नाही. "मॅडम, पोरगी शाळंत शिकाय धाडलीया, घराची झडती घ्यायला न्हाय. बापासमोर आईवर खोटा आळ घालतीया. सातवी झाली की बास."

संध्याकाळी ते कामावर असताना मी त्यांच्या घरी गेले. आई तरी माझ्या बाजूनं बोलेल, असं वाटलं होतं. ती शेण भरत होती, मान वर केली नाही. "बाई, मी तुमच्याकडं मागाय आलतो काय? माझं मी बघत हुतो की. आता धार काढली की किटली तेच घिऊन जात्यात." मी म्हणाले, पण कष्ट तुमचे, पैसे तुमचे, लपवायचं कशाला? तेव्हा ती हसली. "तुमचं लगीन व्हायचंय अजून." मग बसा म्हणाली आणि चहा केला. कोरा.

तो कोरा चहा पिताना मला तू दिसलीस. मी दुसरी-तिसरीत असेन. तू पदराखाली चरवी धरून मागच्या दारानं निघाली आहेस, आबा पुढच्या सोप्यात बसलेत, आणि मी मोठ्यानं विचारते, आज शेजारच्या काकूंना घालायचं दूध कमी का गं? तू माझ्या दंडाला चिमटा काढतेस. आबा वळूनही बघत नाहीत. परत आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "समदंच बोलून दावायचं नसतंय." माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला तू घड्या पडलेल्या नोटा काढून दिल्यास. मामानं दिल्यात, असं आबांना आणि मला सांगितलंस. मामाची ओढाताण मला माहीत होती, तरी मी नोटा घेतल्या. आपल्या घरातली पहिली पदवी त्या चरवीतून आली, आणि ती घेऊन मी मुलांना सांगते, घरात काही झाकून ठेवू नका.

मुख्याध्यापक म्हणाले, माफी मागा आणि मिटवा. पण त्या मुलीचा प्रश्न खोटा नव्हता गं. बिल तिच्या आईच्या नावावरच यायला हवं. ते कधी येईल तेव्हा येईल. तोवर त्या बाईच्या हातात एक चरवी होती, ती माझ्या धड्यानं काढून घेतली.

सोमवारी मी तिच्या वडिलांना शाळेच्या फाटकात गाठलं. मी खोटंच सांगितलं, रतिबाचं उदाहरण मीच वर्गात दिलं होतं, तिनं ते आपल्या घराला लावलं, चूक माझी. त्यांना पटलं, की पटवून घ्यायचं होतं, कळलं नाही. "मग हे आधी सांगायचं न्हाय व्हय," म्हणाले. आठवीचं पुन्हा ठरलं. मुलगी शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. त्यानंतर ती वर्गात हात वर करत नाही. मी तिला परत कसं बोलतं करू, हे मला सुचत नाही.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असतं तरी तुला ते आबांकडूनच वाचून घ्यावं लागलं असतं. म्हणजे मी ते पाठवलंच नसतं. रविवारी घरी गेले होते. आबा आता फार मागचं मागचं बोलतात. जेवता जेवता त्यांनी विचारलं, तुझ्या कॉलेजला मामानं पैसे दिलते, ते आपण परत केले काय गं?

व्हय आबा, म्हटलं, आईनं केव्हाच केले.